भरून द्यायची बशी

आमच्या जेवणाच्या खोलीत, मांडणीच्या वरच्या फळीवर एक बशी टेकवून उभी केली आहे. आमच्या भागात बशी म्हणजे कपाखालची नव्हे, चांगली ताटलीएवढी असते. ही चिनी मातीची आहे, काठाला निळी वेल, आणि एका जागी काठाचा टवका उडालेला. घरात येणारी प्रत्येक बाई हटकून विचारते, ही एकटीच कशी, बाकीच्या फुटल्या का? मी हो म्हणते. कोण सांगत बसणार, की ही बशी मुळात आमची नाहीच, ती मुळगावच्या लुसीच्या घरची आहे, आणि ती भरून परत द्यायची आहे.

मोपाच्या पठारावर विमानतळ झाल्यापासून आमच्या पेडण्यातल्या घरावरून विमानं जातात. आवाज आला की हातातलं टाकून मी अंगणात जाते. आमचे हे पेपरातून डोकंसुद्धा वर न काढता म्हणतात, "सगळ्या विमानांनी तुजी सिस्टरच येता काय गो?" कपडे वाळले का ते बघायला आले होते, असं दाखवून दोरीवरचा एखादा टॉवेल उगाच उलटा करते.

सिस्टर म्हणजे लुसी. माझ्याच वयाची, माझ्याच गावची, माझी मैत्रीण. गेली कित्येक वर्षं ती मोझांबिकमध्ये असते, तिकडच्या एका लहान गावात. मिशनरी सिस्टर आहे. तरुण पोरापोरींमध्ये तिचं काम. त्यांना गाणी शिकवायची, शिवण शिकवायचं, त्यांचे फुटबॉलचे सामने लावायचे, त्यांची भांडणं सोडवायची, रविवारी त्यांना घेऊन प्रार्थनेला बसायचं. ती सगळी तिला 'माना' म्हणतात. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला असं म्हणतात. मी त्या पोरांवर जळते. बाईमाणसाने या वयात अशी गोष्ट लिहू नये, पण आहे ते आहे. तिच्या देवावर माझा काही राग नाही. तो तर लहानपणापासून आम्हा दोघींच्या मध्येच होता, त्याची मला सवय होती. ही पोरं मागून आली.

मुळगावात आमचं घर आणि लुसीचं घर यांच्यामध्ये एक शेत होतं. आमच्या दारात तुळस, त्यांच्या दारात पांढरा चुना दिलेला खुरीस, म्हणजे क्रूस. गावात किरिस्तावांची घरं मोजकीच, त्यातलं हे एक आमच्या वाट्याला आलं होतं. शेताच्या बांधावरून आमची जा-ये इतकी, की पावसाळ्यातही तिथे गवत म्हणून कधी वाढलं नाही. वरच्या रस्त्याने खाणीचे ट्रक जायचे. त्यांची तांबडी धूळ आमच्या तुळशीवर बसायची तशी त्यांच्या खुरसावरही बसायची, आणि उन्हाळ्यात दोन्ही घरच्या बाया एकाच सुरात त्या ट्रकवाल्यांचा उद्धार करायच्या.

बशीची रीत कधी सुरू झाली ते आईलाही ठाऊक नाही. नाताळला लुसीची माय त्या बशीत कुस्वार, म्हणजे त्यांचा नाताळचा फराळ भरून पाठवायची. दोदोल, नेवऱ्या, तिळाचे लाडू, वरून विणलेला पांढरा रुमाल. रिकामी बशी परत करायची नाही, हा नियम. मग ती आमच्याकडे राहायची ती थेट चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत. चवथीला आमच्या नेवऱ्या आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या तिच्यात भरून ती परत जायची, की नाताळपर्यंत तिकडे. बशीला असं सासर-माहेर होतं. मधल्या दिवसांत ती दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. एकदा भावाने तिच्यात पेरू कापून घेतले, तेव्हा आईने त्याला असं झापलं की अजून आमच्याकडे पेरू म्हटलं की तो विषय निघतो.

मात्र बशी आमच्या घरात आली तरी घरात येत नसे. पडवीत, दाराच्या उजव्या अंगाला भिंतीत एक फळी होती, तिथे ती राहायची. धुवायची ती बाहेर विहिरीवर. स्वयंपाकघरात तिला मज्जाव होता, आणि लुसीलाही होता. कुणी तसं तोंडाने म्हणायचं नाही. लुसी यायची, त्या फळीखालच्या दगडी सोप्यावर, म्हणजे कट्ट्यावर बसायची, आणि आत जायचं असतं हे तिला जणू माहीतच नसायचं. आई आतून विचारायची, "लुसी, चा घेतली मगो?" लुसी बाहेरून सांगायची, "व्हय गे काकी." चहाचा कप माझ्या हातून बाहेर जायचा.

मी मात्र लुसीच्या घरात मांजरासारखी हिंडायची. थेट रांदणीपाशी, त्यांच्या चुलीपर्यंत. तिथला वास मला आजही नाकात आणता येतो. व्हिनेगर, लाकडाचा धूर, चुलीवर टांगलेली चोरिसांची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची माळ, आणि सकाळी पदेराने, म्हणजे पाववाल्याने दिलेल्यातला उरलेला पाव निखाऱ्यावर धरला की येणारा तो खरपूस वास. लुसीची माय पावाला साखर लावून माझ्या हातात द्यायची. त्या स्वयंपाकघरात मी पावाखेरीज आणखी काय काय खाल्लं, ते आई अजून हयात आहे म्हणून इथे लिहीत नाही.

काजूच्या दिवसांत आम्ही दोघी घरी कमी आणि डोंगरावर जास्त. बोंडूंचा आंबूस-गोड वास सगळ्या वाटांवर पसरलेला. बोंडू पिळून निघणारा ताजा निरो आम्ही करवंटीतून प्यायचो, तो घशाला खवखवायचा आणि तरी पुन्हा मागायचो. फ्रॉकवर पडलेला डाग जन्मात जात नसे. भोकं पाडलेल्या पत्र्यावर बिया भाजायचो, तेल तडतडायचं, आणि धीर धरवत नाही म्हणून अर्धकच्च्या बिया दातांनी फोडायचो. मग दोघींचे ओठ सुजून काळे. तिची माय खोबरेल लावायची, माझी आई धपाटा घालायची. ओठ दोघींचे एकाच दिवशी बरे व्हायचे.

मे महिन्यात त्यांच्या खुरसापुढे लादाईन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना असायची. मेणबत्त्या, झेंडूच्या माळा, म्हापशाहून आणलेला एक व्हायोलिनवाला, आणि लुसीचा आवाज. तिची माय खालच्या सुरात, लुसी वरच्या. भाषा लॅटिन की पोर्तुगीज, मला काय कळतंय, पण मला ते सगळं पाठ होतं. शेवटी उकडलेले चणे वाटायचे, खोबऱ्याचे काप घातलेले. मी खुरसाच्या कठड्यावर बसून चणे खात तिच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, ही माझी मैत्रीण आहे. चार माणसांनी तिची वाहवा केली की मला बरं वाटायचं. पाचव्याने केली की वाटायचं, आता पुरे.

आणि चवथीची फुगडी. अंगणात आमच्या वाड्यावरच्या बाया गोल धरायच्या, पण दोघींची फुगडी म्हटली की मी आणि लुसी. हातांची अढी, पाय पायांना लावलेले, अंग मागे टाकलेलं. फुगडीत समोरचीच्या वजनावर सगळा खेळ असतो. जोडीदारीण हलकी असली की तुम्ही तिला ओढता, भारी असली की ती तुम्हाला. लुसी आणि मी बरोब्बर सारख्या. गिरकी वाढली की अंगण, तुळस, दिवे, आईचं तोंड सगळं पुसून जायचं आणि फक्त लुसीचा चेहरा जागेवर राहायचा. "सोडूं नाका हां," ती ओरडायची. मी कधीच सोडत नसे. थांबायचो ती तिचीच दमछाक झाली की.

मग ती गेली. का गेली, तिला ते कधी वाटलं, घरच्यांनी काय केलं, यातलं मला काही विचारू नका. मला आठवतं ते एवढंच, की ज्या दिवशी ती कॉन्व्हेंटला निघाली त्या दिवशी त्यांच्या घरातून डुकराच्या विंदालूचा नाही, नुसत्या भाताच्या पेजेचा वास येत होता, आणि तिच्या मायने दिवसभर रेडिओ लावला नव्हता. पुढे तिने शपथा घेतल्या, पोर्तुगीज शिकली, आणि समुद्रापलीकडे गेली. मला पेडण्याला दिलं. सगळ्यांच्या मते दोघींचं बरं झालं.

ती काही वर्षांनी एकदा यायची. महिनाभर राहायची, त्यातले दोन-तीन दिवस माझे. ती सांगायची आणि मी ऐकायची. सगळं त्या पोरांचं. एक पोरगा आहे, शिट्टीवर अख्खं गाणं वाजवतो. एक पोरगी आहे, रागावली की झाडावर चढून बसते, आणि फक्त लुसीने हाक मारली तरच उतरते. "आणि गो, खंयच्याय घरा वच, म्हाका रांदपाच्या कुडींत बसयतात. चुलीम्हऱ्यांत. भायर बसूंकच दिनात," ती हसून म्हणाली होती. तिकडे कुणाच्याही घरी तिला थेट स्वयंपाकघरात बसवतात, हे तिने सहज म्हटलं, तिच्या मनात काही नव्हतं. मी मात्र विषय बदलून माशांच्या भावावर आणला.

पुढे फोन आले, आणि फोनमध्ये तिचा चेहरा दिसायला लागला. हे विज्ञानाने माझ्यावर केलेले उपकार आहेत असं आमचे हे म्हणतात. पण फोन लावावा तर मागून कुणीतरी "माना, माना" करत असायचंच. लुसी मान वळवायची, त्यांच्या भाषेत काहीतरी बोलायची, हसायची, आणि मग माझ्याकडे वळून म्हणायची, "हां, तूं किदें सांगताली?" मी काय सांगत होते ते मला तोवर आठवत नसे. चार वाक्यांत तीनदा जिला हाक मारतात, तिच्याशी काय सुखदुःख बोलणार.

एकदा तिने एक व्हिडिओ पाठवला. तांबडी माती, आमच्यासारखीच. मागे काजूचं झाड, तेही आमच्यासारखंच. पंधरा-वीस पोरी टाळ्या वाजवत गोल उभ्या, आणि मधोमध लुसी, डोक्यावरचा रुमाल घसरलेला, एका उंच काटकुळ्या पोरीबरोबर फुगडी घालत होती. हातांची अढी तीच, पाय पायांना लावलेले, अंग मागे टाकलेलं. पोरगी लुसीपेक्षा हलकी होती, हे मला लगेच दिसलं. लुसी तिला ओढत होती. खाली लिहिलं होतं, पळय, हांवें तांकां शिकयलें. म्हणजे बघ, मीच त्यांना शिकवली. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. दर वेळी मला त्या पोरीच्या जागी उभं राहून लुसीचा चेहरा दिसत होता, आणि दर वेळी ती पोरगी मध्ये येत होती. उत्तर म्हणून मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. अशा वेळी ते बरं पडतं, त्याचा अर्थ काहीही होतो.

तिची माय गेली त्याच्या आधीच्या नाताळात बशी आली होती. हात थरथरत होते म्हणून मायने दोदोल विकतचा आणला होता, पण तो बशीत नीट कापून, वर तोच विणलेला रुमाल घालून पाठवला होता. चवथ यायच्या आधीच माय गेली. लुसीचे भाऊ तिकडे लंडनला. घराला कुलूप लागलं. बशी आमच्या पडवीतल्या फळीवर राहिली, भरून द्यायला समोर घरच उघडं नाही. भावाची बायको एकदा म्हणाली, रोजच्या वापरात घेऊया का. आई म्हणाली, "ती तांची. आमची दिवपाची आसा." चवथी येत गेल्या आणि जात गेल्या, बशी तिथेच.

यंदा एप्रिलमध्ये लुसी आली. दोन विमानं बदलून थेट मोपाला उतरली, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मी आणि हे गाडी घेऊन गेलो होतो. ती काचेच्या दारातून बाहेर आली तेव्हा मला आधी तिचे केस दिसले, सगळे पांढरे. तिने मला मिठी मारली आणि पहिल्या पाच मिनिटांत पिशवीतून एक पुडा काढून माझ्या मांडीवर ठेवला. भाजलेले काजू. "भुरग्यांनी भाजल्यात, तुजे खातीर," ती म्हणाली. म्हणजे डिचोली तालुक्यात जन्मलेल्या बाईने आफ्रिकेचे काजू खायचे, तेही त्या पोरांच्या हातचे. मी "वा" म्हटलं. घरी येऊन पुडा डब्यात ओतला आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी तो डबा शोधून काढला आणि चहाबरोबर मूठ मूठ खात मला सांगितलं, की काजू एकदम फर्स्ट क्लास आहेत. त्यांना असं काही बोलायची वेळ बरोबर सापडते.

गाडीत लुसीने दुसरीही एक गोष्ट सांगितली होती. तिच्या वरच्या सिस्टरांनी तिला विचारलं होतं, की आता वय झालं, तर गोव्यातच राहायचं का? म्हापशाला मुलींचं हॉस्टेल आहे, तिथे तुला ठेवतो. नाहीतर जायचं असेल तर परत जा, पण मग पुन्हा लवकर यायला मिळेल असं नाही. ठरवायला तिला महिनाभर दिला होता. "तूं किदें म्हणटा?" तिने मला विचारलं. मी खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "हांव किदें म्हणूं? तुजें तूं पळय." आतून मला वाटत होतं, की गाडी तिथेच वळवावी आणि तिला त्या हॉस्टेलच्या दारात उतरवून बाहेरून कडी घालावी.

तो महिना मी निवडणुकीला उभ्या राहिलेल्या उमेदवारासारखा काढला. ती म्हापशालाच सिस्टरांकडे उतरली होती, रोज सकाळी तिला तिथून उचलायची. लाटंबार्सेला माझ्या मावसबहिणीच्या बागायतीत नेऊन ताजा निरो पाजला. तो घशाला तसाच खवखवला, आणि आम्ही दोघी तशाच पुन्हा मागून प्यालो. शिरगावच्या देवीच्या जत्रेचे दिवस जवळ आले होते, बाजारात मोगऱ्याच्या ढिगांवर ढीग होते. एक माळ घेऊन मी तिच्या मनगटाला गुंडाळली. बांगड्याचं तिखलें, सोलकढी, उकडा भात, फणसाची भाजी, तिला जे जे आवडायचं ते ते केलं. ती बोटं चाटून खायची आणि मग म्हणायची, "हें आमच्या भुरग्यांक खूब आवडतलें." प्रत्येक वेळी. मी वाढणं थांबवून आत जायची आणि फ्रिज उघडून त्यात काही नसलेलं शोधायची.

आणि बशी. बशीची मी युक्ती केली होती. एकदा तिने विचारलं, "आमची बशी आसा गो आजून?" मी म्हटलं, "आसा. पूण ती चवथीक भरून दितात. चवथीमेरेन राव, तेन्ना दितां." ती हसली. मी हसले नाही. बशी रिकामी देता येत नाही, चवथीआधी भरता येत नाही, आणि बशी इथे आहे तोवर तिचं एक पाऊल इथे आहे, असा माझा हिशेब होता. वेडेपणाच तो, पण माझ्याकडे दुसरं होतं तरी काय.

महिना संपत आला तशी ती मुळगावला जाऊया म्हणाली. आधी तिच्या घरी गेलो. कुलूप काढलं तर कुजकट, कोंदट वास आला, जुन्या कौलांचा आणि उंदरांचा. व्हिनेगर नाही, धूर नाही. रांदणीच्या जागी पोपडे पडलेली भिंत. लुसीने बाहेर खुरसापुढे जाऊन एक मेणबत्ती लावली. शेतातल्या बांधावर आता कमरेएवढं गवत होतं. आम्ही गाडीनेच वळसा घालून आमच्या घरी आलो.

भाऊ-वहिनी नोकरीला गेलेले, घरात आई एकटी होती. लुसीने चपला काढल्या, पडवीत आली, आणि फळीखालच्या सोप्यावर, नेहमीच्या जागी, बसली. वर बशी होती. मीही तिच्या बाजूला टेकले. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "लुसी, भायर कित्याक बसल्या गो? भितर यो. हांगा पंखो आसा."

आई पंच्याऐंशीच्या पुढची. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानातही नसेल. पण लुसीने माझ्याकडे बघितलं. मी फळीकडे बघितलं. मग ती उठली, साडीचा पदर सारखा केला, आणि उंबरा ओलांडून आत गेली. मी तिच्या मागून.

स्वयंपाकघरात ती पाटावर बसली आणि चहूकडे बघायला लागली. गॅस, ओटा, भांड्यांची मांडणी, खिडकीतलं कढीपत्त्याचं झाड. फार सावकाश बघत होती. "हांव समजताली चूल त्या कोनशाक आसा," ती म्हणाली. तिचं बोट मागच्या डाव्या कोपऱ्याकडे होतं. आई म्हणाली, "थंयच आशिल्ली. गॅस येतकूच मोडली." लुसीने मान हलवली. इतकी वर्षं पडवीत बसून, आतल्या धुरावरून आणि भांड्यांच्या आवाजावरून, तिने मनातल्या मनात आमचं स्वयंपाकघर मांडलं होतं, आणि ते बरोबर निघालं होतं. मी पिण्याच्या पाण्याचा तांब्या उचलून उगीच भरून आणला.

जे महिनाभर मला विचारायचं धाडस झालं नाही, ते आईने सरळ विचारलं, राहणार की जाणार. "मगे, रावतली काय वतली?"

"वतां गे काकी," लुसी म्हणाली. "तीं वाट पळयतात."

एवढंच. मला न सांगता आईला सांगितलं. तेही इतकं सहज, जसं बाजारात जाऊन येते म्हणावं. मी तांब्या जागेवर ठेवला आणि म्हटलं, "हांगा कोण वाट पळयना असो ना." माझा आवाज बरा नव्हता, ते मलाच ऐकू आलं. लुसीने माझा हात धरायला हात पुढे केला. मी पदराने हात पुसायला घेतला.

आई उठली आणि कपाटातून एक डबा काढला. डबाभर नेवऱ्या. मी बघतच राहिले. "आई, चवथ ना आणि नेवऱ्यो?" आई म्हणाली, "रावली जाल्यार हांगा खातली, गेली जाल्यार व्हरतली. चली भायर सरतना चवथीची वाट कोण पळयता?" घरची पोर निघाली की चवथीची वाट बघायची नसते, असं तिचं म्हणणं. मग मला म्हणाली, "ती बशी हाड गो भितर." मी लग्न होऊन पेडण्याला निघाले तेव्हा हीच आई मला "बेगीन भायर सर, गाडी चुकतली" एवढंच म्हणाली होती. लुसीला नेवऱ्या. पण बशी आणायला मला सांगितलं होतं, म्हणून मी गेले, फळीवरून ती उतरवली, आणि आत आणली. ती बशी आमच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच पाहत होते. आईने ती नळाखाली विसळली आणि नेवऱ्यांनी शिगोशीग भरली. माझी महिनाभराची युक्ती माझ्या आईने अशी पाच मिनिटांत मोडीत काढली.

लुसीने एक नेवरी खाल्ली. सावकाश, डोळे मिटून, कण बोटाने टिपून. मग पिशवीतून डबा काढून बाकीच्या एकेक करून त्यात भरायला लागली. "भुरग्यांक व्हरतां," ती म्हणाली.

"तुका दिल्यात. तांकां न्हय," मी म्हटलं.

लुसी थांबली. माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू आलं, अगदी पोटातून. "तूं आजून त्या चण्यांवयल्यासारकीच," ती म्हणाली. लादाईनीला ती दुसऱ्या पोरींना चणे वाटत असली की मी तिच्या ओंजळीवर हात ठेवायची, ते तिच्या लक्षात होतं. मलाही मग हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. आम्हा दोघींना वेड्यात काढत आई म्हणाली, "दोगांय पिशीं." आणि चहाला आधण ठेवलं.

डबा भरून झाल्यावर लुसी उठली. ओट्यापाशी गेली, नळ सोडला, आणि बशी धुतली. आमच्या स्वयंपाकघरातल्या आमच्या नळाखाली, हात कोपरापर्यंत ओले करून. स्वतःच्या रुमालाने कोरडी पुसली. मग पिशवीच्या तळातून एक लहानशी पुरचुंडी काढली आणि तिच्यातले सगळे काजू बशीत ओतले. त्या पोरांनी भाजलेले, उरलेले शेवटचे. आईच्या पुढे नाही, माझ्यापुढे बशी धरली.

"रिकामी दिवची न्हय मगो," ती म्हणाली. "आतां तुगेली पाळी."

दोन दिवसांनी ती मोपाहून गेली. मी अंगणात उभी राहून विमान बघितलं. ते तिचंच होतं की दुसरं कुठलं, काय कळणार. आईला विचारून मी बशी पेडण्याला घेऊन आले आहे, आणि मुळगावच्या पडवीतली ती फळी आता रिकामी आहे. काजू मी आणले त्याच दिवशी खाल्ले, ह्यांना एकही न देता. चांगले होते. मीठ जरा बरं पडलं होतं, आणि भाजणाराने धीर धरला होता, एकही बी अर्धकच्ची नव्हती.

आता चवथ तोंडावर आली आहे. कालच मी रवा, खोबरं, वेलची आणून ठेवली. नेवऱ्या करीन, शेजारीपाजारी वाटीन, आईला पाठवीन. ती काटकुळी पोरगी लुसीचे हात धरून खुशाल गिरक्या घेऊ दे, सगळी मिळून तिला दिवसभर माना माना करू देत. पण या बशीत मी यंदा काही घालणार नाही. भरून द्यायची पाळी माझी आहे, आणि ती घ्यायला लुसीला यावं लागेल. मला घाई नाही.